पेंटरच्या सावडीला

बाळाराम पेंटर कुणाचाही मजकूर आधी मोठ्याने वाचल्याशिवाय वेबसाइटवर चढवत नसत. मजकूर तरी काय असायचे? 'मोहोपाड्यात वन आरके भाड्याने देणे, फक्त फॅमिली.' 'पेंढा विकणे आहे, स्वतः येऊन न्यावा.' 'काळी म्हैस, डावं शिंग वाकडं, शनिवारपासून घरी आलेली नाही.' हेसुद्धा ते चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून, मान मागे करून, ग्रामसभेत ठराव वाचावा तसं वाचायचे. कुठे जीभ अडखळली, की मजकूर तिथेच थांबला.

"ज्ये चार मान्सांत वाचता येत नाय, त्ये चार गावांत कशाला लावायचं?" हा त्यांचा कायदा. चौकच्या हायवेवरच्या त्या झेरॉक्सच्या दुकानात सहा वर्षं मी हा कायदा ऐकला, आणि त्याच्याबरोबर शंभरेक म्हशींची वर्णनं. पहिल्या वर्षी मजा वाटायची. दुसऱ्या वर्षापासून कान किटले. आता पेंटर जाऊन दीड वर्ष झालं, तरी फोनवर काही वाचताना माझे ओठ हलतात. सुनेला वाटतं, सासूबाई पुटपुटायला लागल्या.

मी मूळची त्या दुकानातली नव्हे. मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत टायपिस्ट होते. ऑफिस दुसरीकडे हललं आणि आम्हाला घरी बसवलं. दोन महिन्यांत घरच्यांना माझा आणि मला घरच्यांचा वीट आला. एकदा कसल्याशा कामाला चौकला रिक्षातून उतरले, तर समोरच्या दारावर पाटी: 'मराठी टायपिंग येणारी व्यक्ती पाहिजे. वयाची अट नाही.' पाटी ब्रशने लिहिलेली होती आणि अक्षरं इतकी सुबक, की ती लिहिणारा कोण हे बघायलाच मी आत गेले.

आत खुर्चीत एक काळासावळा, लांब बोटांचा माणूस बसला होता. त्याने एकच प्रश्न विचारला.

"चूक दाखवली तर राग येतो का?"

"येतो," मी म्हटलं.

"मला पन येतो. उद्यापासून या."

पेंटर हे त्यांचं नाव नव्हतं, आडनावही नव्हतं; पण भोईर म्हणून कुणी हाक मारली तर ते मागे वळूनही बघत नसत. पनवेलपासून खोपोलीपर्यंत हायवेलगतच्या भिंतींवर एके काळी त्यांचाच हात होता. सिमेंट, साबण, बियाणं, चहा. मग फ्लेक्स आलं आणि ब्रश बसला. त्यातच पेट्रोल पंपाची शेवटची एक भिंत रंगवताना शिडी सरकली, खुबा मोडला, आणि शिडीचा आणि त्यांचा संबंध संपला. झेरॉक्सचं दुकान टाकलं ते त्यानंतर. साइट जावयाने बनवून दिली. नाव 'आपली पंचक्रोशी'. कर्जत-खालापुरातल्या कुणीही यावं, आपल्याला काय सांगायचंय ते लिहावं, फोटो टाकावा. व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप असताना हे खूळ कशाला, असं मी विचारलं होतं. "ग्रुपवर सकाळचं मयत संध्याकाळच्या गुड इव्हिनिंगखाली गाडलं जातं, बाई," ते म्हणाले. "भिंतीवरचं ऱ्हातं."

साइटला ते भिंतच म्हणायचे. कॉम्प्युटरचा पडदा वितीने मोजायचे. कुठल्या फॉन्टला 'पोट नाय', कुठल्याचा काना 'उपाशी' आहे, हे रोज ऐकवायचे. बोलताना अंगठ्याने दुसऱ्या हाताची नखं खरवडत राहायचे. त्या नखांत रंग उरला नव्हता, सवय उरली होती. मला त्याचा भयंकर राग यायचा आणि मी तसं सांगायचेही. ते हात खिशात घालायचे आणि दोन मिनिटांत परत बाहेर काढायचे.

खुबा मोडल्यावर घर चालायचं ते झेरॉक्सवर थोडं आणि साइटवरच्या जाहिरातींवर जास्त. या जाहिराती आपण मिळवायच्या नसतात. एक परदेशी कंपनी असते, आपण तिला जागा नेमून द्यायची, जाहिराती ती स्वतः पाठवते. कुणी जाहिरात दाबली, की जाहिरातदार कंपनीला पैसे देतो, त्यातला वाटा आपल्याला. पहिली जाहिरात आली ती वाकड्या शिंगाच्या म्हशीखाली. सिंगापूरची सहल, पाच दिवस, नाश्त्यासकट. पेंटरनी ती वाचली आणि गंभीरपणे मला म्हणाले, "म्हशीचा पत्ता लागला, बाई. मालकाला फोन लावा."

पण मनातून त्यांना ते पटलं नव्हतं. प्रत्येकाच्या फोनवर वेगळी जाहिरात दिसते हे कळल्यावर तर ते दोन दिवस घुम्यासारखे बसून होते. "भिंत माझी, आनि तिच्यावर काय लिवलंय त्ये मलाच म्हाईत नाय," म्हणाले.

कंपनीचे नियम इंग्रजीत होते. ते वाचून पेंटरना सांगायचं काम माझं. पहिला मोठा नियम असा, की लोक साइटवर जे काही लिहितील त्याची जबाबदारी साइटवाल्याची. "म्हंजे तोंड लोकांचं आनि थोबाडीत मला," एवढा त्यांनी त्याचा सारांश काढला. दुसरा नियम जाहिराती दाबण्याबद्दल होता. आपण स्वतः दाबायच्या नाहीत, एवढं मी सांगितलं. पुढे ओळखीच्यांबद्दल, मदत म्हणून दाबण्याबद्दल आणखी एक लांबलचक परिच्छेद होता. जेवायची वेळ झाली होती. मी तो नजरेखालून घातला आणि डबा उघडला.

तीन वर्षं बरी गेली. मग हेमंत गेला.

भिवपुरीकडच्या एका गावातला हा मुलगा टेनिस बॉलच्या टूर्नामेंटमध्ये बोलिंग टाकायचा. घाटाखालच्या सगळ्या मैदानांवर त्याला ओळखत. फायनलच्या आदल्या दिवशी मोटरसायकलवरून पडून गेला. त्याच्या भावाने साइटवर फोटो आणि दहाव्याची वेळ टाकली आणि खाली त्याच्या दोस्तांचे निरोप यायला लागले. पेंटर नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचायला बसले.

"'भडव्या, फायनल बाकी हाय आनि तू निगालास? आता शेवटची ओवर कोन टाकनार?'" त्यांनी चष्मा काढून पुसला. पुढचा घेतला. "'हरामखोरा, आईची काळजी करू नको. आमी तिगं तिची पोरं हाव.'"

मला वाटलं, थांबवतील. शिव्या होत्या. पण त्यांची जीभ कुठे अडखळली नाही, आवाज मात्र फुटला. "चढवा," म्हणाले. दीडशेच्या वर निरोप त्या दिवशी चढले आणि त्यातला एकही शिवीशिवाय नव्हता. आमच्याकडे दोस्त मेला तर त्याला 'कैलासवासी' कुणी म्हणत नाही. जिवंतपणी ज्या नावाने हाक मारली, त्याच नावाने रडतात.

आठवड्याने कंपनीचं पत्र आलं. या पानावर अश्लील भाषा आहे, त्यामुळे जाहिराती रोखल्या आहेत. मजकूर काढा किंवा त्या पानावरच्या जाहिराती काढा, नाहीतर पूर्ण साइटचा विचार करावा लागेल. वाचणारं तिथे माणूस नसणार, यंत्रच असणार. यंत्राला भडव्या दिसला, त्याच्या पुढचं रडणं दिसलं नाही. मी सरळ म्हटलं, "पेंटर, शिव्या गाळून टाकू. दहा मिनिटांचं काम आहे."

"आनि हेमंतच्या आईनं इचारलं, पोरांनी लिवल्यालं कुठं गेलं, तर?"

"तिला कुठे वाचता येतंय?"

"रोज पोरांकडून वाचून घेते ती," ते म्हणाले. "शिव्यांसकट."

मग त्यांनी मला खालापूरच्या एका भिंतीची गोष्ट सांगितली. रस्त्यालगतचं घर होतं, भिंतीवर साबणाची जाहिरात रंगवायचं काम चाललं होतं. निम्मी बाई रंगवून झाली, म्हणजे हसरं तोंड आणि एक हात, तेवढ्यात घरातला म्हातारा गेला. पेंटर खाली उतरले, हसऱ्या तोंडावर चुना फासला आणि तेरावं होईस्तोवर त्या भिंतीला हात लावला नाही. कंपनीचा माणूस येऊन थयथयाट करून गेला, पुढची सहा कामं दुसऱ्याला दिली. "सुतकाच्या भिंतीवर धंदा नसतो, बाई," ते म्हणाले. "त्ये तवा कळत व्हतं. हितं का नाय कळलं मला?"

त्या दुपारी त्यांनी हेमंतच्याच नव्हे, सगळ्या श्रद्धांजलीच्या पानांवरच्या जाहिराती काढायला लावल्या. मी भांडले. कारण या साइटवर लोक सगळ्यात जास्त काय बघतात, तर कोण गेलं. म्हशी आणि वन आरके त्यानंतर. मुंबई-पुण्याला गेलेली माणसं सकाळी उठून आधी ते पान उघडत. तिथल्या जाहिराती काढणं म्हणजे दुकानाचं शटर निम्मं खाली ओढणं. हे सगळं मी त्यांना सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. ते नखं खरवडत ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "दमलो बाई. काढा."

त्यानंतर चार महिन्यांत साइट डबघाईला आली. जावयाने फोन करून सांगितलं, नको ती कटकट, बंद करून टाका. पेंटर कुणाला काही बोलले नाहीत. बोलले ते मी.

बोलले ते गिरणीत. दळण होईपर्यंत हिराआक्का शेजारी उभ्या होत्या. चौकच्या पलीकडे त्यांचं शेत, बायकांच्या बचत गटाच्या त्या प्रमुख. कुठल्याही घरचं लग्न असो की मयत, पहिलं पातेलं त्यांनी चढवायचं. त्यांनी विचारलं, "बाई, त्वांड का उतरलंय?" आणि मी वैतागाने सगळं ओकले. पेंटरनी शिव्या ठेवल्या, जाहिराती काढल्या, आता साइट बंद पडणार. "लोक नुसतं वाचतात हो आक्का. जाहिरात दाबली तर त्या माणसाला काही मिळणार ना! पण दाबतंय कोण?"

"दाबायचं म्हंजे काय करायचं?" आक्कांनी विचारलं. आणि मी त्यांना त्यांच्याच फोनवर दाखवलं.

तेव्हा मला नियम माहीत नव्हता, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण माहीत होता. निम्मा तरी वाचला होता.

लावणीच्या दिवसांत आमच्याकडे सावड असते. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या. मजुरी कुणी देत नाही, कुणी मागत नाही. ज्याचं घर अडलंय त्याच्या शेतात गाव आधी उतरतं. हिराआक्कांनी पेंटरची सावड धरली. रोज संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर पंधरा-वीस बायका फोन घेऊन बसायच्या. साइट उघडायची, दिसेल ती जाहिरात दाबायची, मागे यायचं, पुढची दाबायची. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना रंगावरून ओळखायला शिकवलं. सिंगापूरची सहल, कर्जाचा हप्ता, टकलावरचं औषध, काही सोडलं नाही. रोप लावताना जशी गाणी म्हणतात तशी म्हणे तिथेही म्हणायच्या.

दुकानात आम्हाला फक्त आकडे दिसत होते, आणि ते एकदम वर चढले. पेंटरचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला. "लोकं परत बगायला लागली बगा," म्हणाले. मला थोडा संशय आला होता. पण त्यांना आनंदात बघून बरं वाटत होतं, म्हणून मी गप्प बसले. मी गप्प बसले असे प्रसंग आयुष्यात फार नाहीत, आणि हा एक नेमका नको तेव्हाचा.

तिसऱ्या आठवड्यात कंपनीचं दुसरं पत्र आलं. खोटे क्लिक. खातं कायमचं बंद. जमलेलं सगळं जाहिरातदारांना परत.

मी पेंटरना सगळं सांगितलं. गिरणीतलं, आक्कांचं, न वाचलेल्या परिच्छेदाचं. सांगताना रडले. ते रागावतील असं वाटत होतं, तेही मला चाललं असतं. ते पडद्याकडे वळले. मग म्हणाले, "त्या कंपनीला कळवा की, ही चोरी नाय, सावड हाय म्हनून."

मी कळवलं. माझ्या टायपिस्टच्या इंग्रजीत पानभर लिहिलं. भाताची लावणी म्हणजे काय, माणसं कमी का पडतात, एकमेकांच्या शेतात का जातात, आणि या बायकांनी लबाडी केलेली नाही, त्यांना वाटलं इथेही रोपंच लावायची आहेत. अर्ज पाठवला. पाण्याची बाटली भरून येईपर्यंत उत्तर हजर. आपला अर्ज काळजीपूर्वक तपासला. निर्णय बदलता येत नाही. पेंटर म्हणाले, "लवकर तपासला."

दुसऱ्याच दिवशी हिराआक्का आणि सातआठ बायका दुकानात आल्या. ओटीत काकड्या, कारली. आक्का फुललेल्या होत्या.

"काय भाऊ, कसं चाललंय? आमी रोज सांजच्याला बसतो बरं का. येक बी सोडत नाय."

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. माझा स्वभावच तो, खरं ते तोंडावर. मी "आक्का," एवढं म्हटलं आणि पेंटरनी माझ्याकडे बघितलं.

"बाई, तेवढा झेरॉक्सचा कागद भरा," ते म्हणाले. मग आक्कांकडे वळून, "म्हंजे त्या तुमी व्हय! तरीच म्हनलं, आकडा कसा चढला. लई झालं गं आक्का. तुमी नसता तर टाळंच लागलं आसतं."

बायका हसल्या. एकजण म्हणाली, "पन भाऊ, कालपासून जाहिराती दिसत नाईत."

"काम चाललंय. उद्या दिसतील," पेंटर म्हणाले.

त्या गेल्यावर मी कडाडले. "का खोटं बोललात? कळू दे ना त्यांना!"

"काय कळू दे? की तुमी रोप लावायला आला आनि माझं पीक उपटलं?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "वीस बायका घरचं काम टाकून माज्यासाठी बसल्या, बाई. माज्यासाठी आजवर कोन बसलंय?"

त्या दिवशी त्यांनी माळ्यावरचा ब्रशचा डबा काढायला लावला. कागदावर रंगाने एक जाहिरात काढली. हायवेवरच्या पंक्चरवाल्याची, लाल अक्षरं, पिवळी सावली. झेरॉक्सच्या मशीनवर तिचा फोटो घेतला आणि रिकाम्या जागी चढवला. कंपनी नाही, वाटा नाही, काही नाही. दाबलं की पंक्चरवाल्याचा फोन नंबर उघडायचा. दुसऱ्या दिवशी पोल्ट्रीवाल्याची, तिसऱ्या दिवशी मंडपवाल्याची. फुकट. मी म्हटलं, यांच्याकडून काहीतरी घ्या. "आदी न इचारता लावली, आता कसं मागू?" पंक्चरवाल्याला मात्र महिनाभर ताप झाला. रोज संध्याकाळी कुणीतरी फोन लावायचं आणि ठेवून द्यायचं.

ओट्यावरच्या बायका खूश होत्या. या जाहिराती त्यांना कळायच्या, माणसं ओळखीची होती. सावड चालूच राहिली. साइटचं वर्षाचं भाडं पेंटरनी कुठून भरलं हे मला त्यांच्या मुलीकडून नंतर कळलं. बायकोची बोरमाळ गेली होती. साठी उलटलेला माणूस दिवसभर आधार कार्डांच्या झेरॉक्स काढायचा आणि दुपारी, डोळे चोळत, वीस बायकांना दाबायला एक नवी जाहिरात रंगवायचा. "रोज तीच ठेवली तर कंटाळतील," म्हणायचे. मला त्यांचा राग यायचा. राग येता येता मी त्यांच्यासाठी रंग कालवायला शिकले.

मग खुबा परत दुखायला लागला. पनवेलला ऑपरेशन ठरलं. निघायच्या दिवशी ते दुकानात आले ते मुलीच्या खांद्यावर हात ठेवून. खुर्चीत न बसता उभ्यानेच मला एक मोठं पाकीट दिलं. आत कागद होते, रंग नीट वाळलेले. एकूण पंधरा जाहिराती.

"रोज येक लावा. पंधरा दिसांत मी येतोच."

बाहेर रिक्षा थांबली होती. हिराआक्का निरोप द्यायला आल्या होत्या. पेंटर रिक्षात बसल्यावर त्यांनी त्यांच्या मांडीवर शाल घातली आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी निवांत जावा. हिकडची काळजी नको. आमी दाबतो हाय."

पेंटरनी दोन्ही हात जोडले. रिक्षा वळेपर्यंत ते हात तसेच होते, आणि नजर माझ्यावर.

अकराव्या दिवशी पनवेलहून फोन आला. ऑपरेशन बरं झालं होतं, छातीचं काहीतरी निघालं. मी श्रद्धांजलीचं पान टाइप केलं आणि रिकाम्या दुकानात मोठ्याने वाचलं. जीभ तीनदा अडखळली. तरी चढवलं.

दहाव्याला सगळा ओटा आला होता. जेवणं झाल्यावर हिराआक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. फोन हातातच होता. मग खालच्या आवाजात म्हणाल्या,

"बाई, तुमी खरं बोलनाऱ्या. म्हनून इचारते. भाऊंनी बायकोची बोरमाळ मोडली म्हनं साइटसाठी. आमचं काय कमी पडलं का?"

मी त्यांचा हात धरला.

"नाही हो आक्का," मी म्हटलं. "तुमचं होतं म्हणून तर इतके दिवस चाललं."